निवारा आणि घरकुल यांच्या मधली माणसं

दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय होईल असा एक कायमस्वरूपी निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा. शहरी बेघरांसाठीचा हा दंडक सर्वोच्च न्यायालयातल्या अन्न अधिकाराच्या खटल्यात २०१० साली मोठ्या शहरांसाठी पुढे आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने तो आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला. माणशी पन्नास चौरस फूट जागा, एका निवाऱ्यात पन्नास ते शंभर जण, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय असं सगळं त्यात नीट लिहिलेलं आहे. पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दिल्ली होती, मुंबई होती. कुर्डुवाडी नव्हती. अभियान पुढे लहान शहरांपर्यंत पोचलं, पण दंडक लाखाच्या हिशेबातच राहिला.

कुर्डुवाडीची वस्ती पाव लाखाच्या आसपास. त्रैराशिक मांडलं तर तिच्या वाट्याला पंचवीस माणसांची जागा येते. निवाऱ्याची इमारत किमान पन्नासांची, म्हणजे पंचवीसांसाठी काहीच नको असा त्याचा व्यवहारातला अर्थ. राज्यात अशा लहान नगरपरिषदा पुष्कळ आहेत. बेघर हा महानगराचा प्रश्न आहे अशी समजूत करून घेतल्यामुळे या गावांच्या अंदाजपत्रकात त्या नावाचं शीर्षकही सहसा सापडत नाही.

आणि कुर्डुवाडी तर जंक्शन. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद मार्ग इथून बार्शीकडे निघाला, तेव्हा या स्टेशनाचं नावच बार्शी रोड होतं. पुढे तो फाटा पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला. आज सगळे मार्ग रुंद झाले, त्या काळापासूनचं वर्कशॉप मागे राहिलं आणि मुंबई–सोलापूर मार्गाला लातूर आणि मिरजेचे फाटे इथेच मिळतात. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला जंक्शन जे देतं ते गावातलं दुसरं कुठलंच ठिकाण देत नाही. नळ, दिवा, पत्र्याची सावली, आणि रात्रभर माणसांची ये-जा. शेवटची गोष्ट बायकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. एकटी बाई फलाटावर झोपते ती दिव्याखाली, चौकीच्या जवळ, गर्दीच्या कडेला. अंधारातली निवांत जागा तिला परवडत नाही.

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईकडे निघून गेली की अशा कुठल्याही स्टेशनावर जे उरतात त्यांना आपण एकच नाव देतो. जरा जवळ जाऊन पाहिलं तर ती चार-पाच निरनिराळी माणसं असतात. एक दिवसभर खानावळीत भांडी घासतो. पगार रोखीने मिळतो, पण खोली घ्यायची तर आगाऊ रक्कम आणि ओळखीचा माणूस, दोन्ही लागतं. एक म्हातारी पंढरपूरला आली आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. एक ऐन मे महिन्यात अंगावर तीन सदरे चढवून बसलेला, स्वतःशी बोलणारा; तो कुठल्या गाडीतून उतरला हे त्यालाही सांगता येत नाही. एक दारूपायी घराबाहेर पडलेला. आणि स्टेशनापासून थोडं लांब, मोकळ्या रानात, पालं ठोकून राहिलेली पारध्यांची दोन-चार कुटुंबं. पहिल्याला नुसती स्वस्त खोली पुरे. म्हातारीला पेन्शन, दवाखाना आणि बोलायला माणूस हवं. तिसऱ्याला औषध आणि ते रोज आठवणीने देणारं कोणीतरी. पालावरच्यांना जमीन, शाळा आणि पोलिसांपासून थोडी उसंत. या सगळ्यांना एका हॉलमध्ये सतरंज्या अंथरून दिल्या की निवारा झाला, असं आपण समजत आलो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं बेघर म्हणून नोंदली गेली, त्यांतली महाराष्ट्रात दोन लाखांवर. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली, देवळात, नळाच्या मोठ्या पाइपात झोपणाऱ्यांना त्या एका रात्रीत गाठायचं असतं. जो लपून राहायला शिकला आहे तो मोजणीत कसा सापडणार? आकडा कमीच असणार हे या क्षेत्रात काम करणारा कोणीही सांगेल.

मोजला गेला तरी पुढे कागदांची वाट अडते. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. फलाटावर पंधरा वर्षं काढली तरी त्याचा दाखला कोण देणार? घरकुलाच्या ग्रामीण योजनेत १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण जागा आपली हवी. जागा नसेल तर ती विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे, आधी ५० हजारांची, पुढे १ लाखापर्यंत वाढवलेली. पण तिथे आधी यादीत नाव हवं. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा पुरावा मागतात आणि पहिली पायरी कुठेच नाही. नवल म्हणजे या बाबतीत निवडणूक आयोग सगळ्या खात्यांपेक्षा शहाणा निघाला. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज केला की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, तेवढ्यावर नाव यादीत घालायचं. म्हणजे फलाटावरच्या माणसाला आमदार निवडता येतो, पण रेशन कार्ड मिळवताना त्याच्या नाकी नऊ येतात.

यावर उतारा म्हणून सांगितली जाणारी, घर आणि आधार एकत्र देण्याची कल्पना परदेशातून आली असं अलीकडे लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कुर्डुवाडीहून तासाभराच्या अंतरावर, पंढरपुरात, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली टाकून दिलेल्या मुलांसाठी आणि अडलेल्या स्त्रियांसाठी आश्रम काढला. तोच पुढचा नवरंगे बालकाश्रम. त्याच पंढरीत गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, कारण इतर धर्मशाळांची दारं ज्यांना बंद होती त्यांना वारीत उघड्यावर झोपावं लागत होतं. धर्मशाळेचं मोल मोठंच, पण ती वाटसरूसाठी असते. तिथला मुक्काम ठरावीक दिवसांचा. ज्याची वाटच संपली आहे त्याचं धर्मशाळेत भागत नाही.

सोलापूर जिल्ह्याने याच कल्पनेची काळी बाजूही पाहिली आहे, आणि आजच्या चर्चेत ती कोणी काढत नाही म्हणून इथे जरा थांबतो. सोलापुरात आजही एका भागाला सेटलमेंट म्हणतात. १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने त्यांना तारेच्या कुंपणात वसवायला सुरुवात केली. ओ. एच. बी. स्टार्ट हे आयसीएस अधिकारी या खात्याचे प्रमुख होते. सरकारी अहवालांच्या भाषेत पाहिलं तर त्या वसाहतीत सगळंच होतं: राहायला जागा, मुलांना शाळा, मोठ्यांना सोलापूरच्या गिरण्यांत काम, देखरेखीला अधिकारी. आजच्या एखाद्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकातली अर्धी वाक्यं तिथे जशीच्या तशी बसतील. फक्त रोजची हजेरी होती, परवान्याशिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेलं, शिक्का मात्र आजही पोलीस ठाण्याच्या तोंडी आहे.

म्हणून घर आणि आधार हे शब्द ऐकले की सोलापूरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारावा तो दाराच्या किल्लीचा. किल्ली राहणाऱ्याकडे असेल तर तो आधार. ती व्यवस्थापकाच्या कमरेला असेल तर पहारा, मग भिंतींना रंग कितीही छान लावलेला असो. पुढच्या सगळ्या प्रयोगांकडे मी याच नजरेने पाहतो.

आनंदवन या कसोटीवर बरंचसं उतरतं. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९५१ मध्ये आनंदवन उभं राहिलं. तिथे आलेली माणसं घरातून, गावातून हाकललेली होती. औषधाने बरी झाली तरी गाव त्यांना परत घेत नव्हतं. १८९८ चा महारोगी कायदा त्यांना वेगळं काढायला मोकळीक देत होता, आणि तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. आनंदवनाने त्यांना विहीर खणायला, शेती करायला, माग चालवायला लावलं. तिथे लग्नं झाली, संसार झाले, शेजारच्या गावांतली मुलं शिकायला आनंदवनातल्या कॉलेजात येऊ लागली. समुदाय विकास या जड शब्दाचा याहून चांगला अर्थ मला माहीत नाही. तरी एक गोष्ट खरी की ते वेगळं गाव होतं, समाजाने हद्दीबाहेर ठेवलेल्यांचं. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. आज मात्र प्रत्येक टाकलेल्या माणसासाठी गावाबाहेर एक आश्रम काढायचा आणि गावाने वर्षातून एकदा वाढदिवसाला तिथे पंगत घालायची, ही जी रीत पडली आहे ती गावाच्या सोयीची आहे, माणसाच्या नव्हे.

आश्रमांना नावं ठेवण्याचा इथे हेतू नाही. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून त्यांच्यावर उपचार करण्याचं आणि घर शोधून काढण्याचं काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने ज्या चिकाटीने केलं त्याला तोड नाही, डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यासाठीच मिळाला. तेव्हाच्या अहमदनगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी माउली या आपल्या संस्थेत अशाच स्त्रियांना जागा दिली. वाटवानींच्या कामाचा मोठा निष्कर्ष असा की औषध सुरू झालं की बहुतेकांना आपलं गाव आठवतं आणि बहुतेक कुटुंबं त्यांना परत घेतात. प्रश्न उरतो तो ज्यांना कोणी परत घेत नाही त्यांचा. त्यांनी आयुष्यभर आश्रमातच राहायचं का?

मुंबईच्या फुटपाथवर याचं एक निराळं उत्तर तयार झालं, आणि ते बायकांनी केलं. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं, पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभाही दिली. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातल्या फुटपाथवासीयांची गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबं निघाली, त्यांतली अनेक दहा-वीस वर्षं त्याच फुटपाथवर राहणारी आणि मुंबईतच मोलमजुरी करणारी. भिकारी, उपरे, तात्पुरते, ही सगळी विशेषणं त्या गणनेने खोटी पाडली. पुढच्या वर्षी महिला मिलन ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना सुरू झाली.

त्या बायकांनी काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. रोज एकीने गल्लीतून फिरायचं आणि ज्या घरातून जे मिळेल ते, रुपया असो की आठ आणे, बचतीत गोळा करायचं. पैशापेक्षा रोजची विचारपूस मोठी होती. कोण आजारी, कुणाचा नवरा मारतो, कुणाचं काम सुटलं, हे फिरणारीला रोज कळायचं. मग त्यांनी साड्या ताणून, दोऱ्या बांधून आपल्याला हवं तसं घर जमिनीवर आखून पाहिलं आणि चौदा फूट उंचीच्या खोलीत पोटमाळा काढला तर लहान जागेतही दोन पिढ्या झोपू शकतात हे अधिकाऱ्यांना नमुन्याचं घर उभारून दाखवलं. पुढे मानखुर्दला मिलन नगर ही फुटपाथवरून आलेल्यांची सोसायटी झाली. घर मिळेपर्यंत दोन दशकं गेली, पण घर मिळालं तेव्हा शेजार आधीच तयार होता. सरकारी पुनर्वसनात नेमकं उलटं होतं. चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटतात, शेजार नशिबावर सोडतात आणि दोन वर्षांत लिफ्ट बंद पडली की कोणी कोणाला ओळखत नाही.

सोलापूरनेही हे मोठ्या प्रमाणावर केलं आहे, आणि त्याची हवी तशी दखल महाराष्ट्राने घेतलेली नाही. विडी वळणाऱ्या बायकांची घरं म्हणजे भाड्याची एक खोली, तिच्यातच सूप, पानं, तंबाखू आणि मुलं. माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या युनियनने कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी सोसायटी काढली. घराची किंमत साठ हजार. वीस केंद्राचे, वीस राज्याचे, वीस बाईचे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दहा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर: तीस हजार घरं, प्रत्येकी तीनशे चौरस फुटांची, विडी आणि यंत्रमाग कामगारांबरोबर कचरावेचक, बांधकाम मजूर, शिवणकाम करणारे यांची. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिली पंधरा हजार घरं त्यांच्याच हस्ते दिली गेली. लाल बावट्याच्या पुढाऱ्याने काँग्रेस आणि भाजप दोन्ही राजवटींकडून घरं काढून घेतली, हा राजकारणाच्या अभ्यासकांनी लिहावा असा विषय आहे.

पण हे मॉडेल फलाटावरच्या माणसाला उचलता येत नाही. त्यात बाईला आपला हिस्सा भरायचा असतो, कर्ज काढायचं असतं, त्यासाठी विडी कारखान्याचं कार्ड आणि युनियनची पावती हाताशी लागते. संघटित होण्याइतकी स्थिर असलेली गरिबी आणि संघटित व्हायलाही जागेवर नसलेली गरिबी, यांत फरक आहे. शिवाय तीन-तीनशे एकरांची वसाहत गावाबाहेर जाते, तिथून कामावर यायचा बसचा खर्च रोजच्या मजुरीतून जातो. कुर्डुवाडीने कुंभारीकडून घ्यायचं ते आकारमान नव्हे. आपल्या घराच्या मागणीसाठी सभेला बसणाऱ्या बाया घ्यायच्या.

भटक्यांसाठी राज्य सरकारने २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली: वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकाला पाच गुंठे आणि २६९ चौरस फुटांचं घर. कल्पना उत्तम, कारण भटक्यांचं घर म्हणजे नुसती खोली नसते. शेळ्या, कोंबड्या, धंद्याचं सामान हे सगळं त्यात येतं. पण पाच गुंठ्यांच्या वीस तुकड्यांसाठी सलग सरकारी जमीन लागते आणि जमीन निघाली की शेजारच्या गावाचा ठराव विरोधात येतो. या विरोधाचं काय करायचं याचं उत्तर कुठल्याच शासन निर्णयात नसतं.

आता बाहेरच्या जगाकडे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा क्रम धरला. तोवरची रीत अशी होती की आधी दारू सोड, औषध घे, निवाऱ्यात नीट वाग, मग खोलीचं बघू. त्यांनी आधी खोली दिली, करार करून, आणि मग मदतनीस दाराशी पाठवला. उपचार घ्यायचे की नाही हे भाडेकरूने ठरवायचं. बहुतेक जण टिकले. फिनलंडने २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण केलं. हेलसिंकीतला साल्व्हेशन आर्मीचा जुना निवारा मोडून त्याच इमारतीत ऐंशी स्वतंत्र खोल्या काढल्या. माणसं तीच, पण आता भाडेकरू म्हणून. १९८७ च्या सुमारास अठरा हजारांच्या घरात असलेली त्या देशातल्या बेघरांची संख्या २०२३ पर्यंत साडेतीन हजारांच्या आत आली. २०२४ मध्ये मात्र ती पुन्हा वाढली. घरभाड्याच्या सरकारी मदतीला त्याच सुमारास कात्री लागली होती.

फिनलंडचं उदाहरण देणारे नेहमी बचतीचा मुद्दा सांगतात. टाम्पेरे शहरातल्या एका अभ्यासात माणशी वर्षाला सुमारे १४ हजार युरो वाचले: तातडीच्या दवाखान्याचे, पोलिसांचे, कोठडीचे. हा युक्तिवाद आपल्याकडे करू नये. तिथे बेघर माणसावर सरकार आधीच पुष्कळ खर्च करत होतं म्हणून वाचला. आपण कुर्डुवाडीच्या फलाटावरच्या माणसावर काहीच खर्च करत नाही, तर वाचणार काय? त्याला घर द्यायचं तर नवा पैसा घालावा लागेल हे सरळ सांगावं.

आपल्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा प्रयोग चेन्नईचा आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये बनियन ही संस्था काढली, रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या, घरी परतण्याची आशा नसलेल्या बायकांसाठी त्यांनी २०१५ च्या सुमारास होम अगेन सुरू केलं. साध्या वस्तीत एक साधं घर भाड्याने घ्यायचं, चार-पाच जणींनी मिळून राहायचं आणि एक मदतनीस सोबत. मदतनीस बहुधा त्याच भागातली, डॉक्टर वा नर्स नव्हे. आज काय शिजवायचं, बाजाराला कोण जाणार, दूरचित्रवाणीवर काय लावायचं, कामाला जायचं की नाही, हे घरातल्या ठरवतात. वीस वर्षं वॉर्डात वाढलेलं जेवण खाल्लेल्या बाईला भाजीवाल्याशी घासाघीस करायला मिळते तेव्हा काय होतं, ते कुठल्या मोजपट्टीवर मोजायचं कोण जाणे. पण ज्या गोष्टी मोजता येतात, म्हणजे लोकांत मिसळणं, कामं करणं, त्यांत फरक दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या चांगल्या सेवांत या प्रयोगाला जागा दिली. तो केरळ, आसाम आणि महाराष्ट्रातही गेला.

कायदाही याच बाजूला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे केवळ घरचे घेत नाहीत किंवा घर नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. समाजात राहण्याची सोय सरकारने करायची आहे. कलम १०० प्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. कुर्डुवाडीच्या माणसाला येरवड्याला पाठवता येतं. तिथून बरा होऊन तो कुठे परत येणार, हे कोणी विचारत नाही. तो परत फलाटावरच येतो.

आता सुरुवातीचं त्रैराशिक पुन्हा मांडू. पंचवीस माणसं म्हणजे पाच-पाच जणांची पाच घरं. मोठी इमारत नको, भूसंपादन नको, निविदा नको, उद्घाटनही नको. लहान गावाची जी लहान संख्या उणीव मानून नियमाने वगळली, तीच इथे सोय ठरते. भाड्याची घरं स्टेशनापासून पायी अंतरावर मिळतात, ग्रामीण रुग्णालय गावातच आहे, शिवभोजनाची थाळी दहा रुपयांत मिळते, खानावळी, बाजार, उसाचा हंगाम यांत हलकी-भारी कामं निघतात. पाच जणांना निराधारचे पैसे सुरू झाले तर घराला महिन्याला साडेसात हजार येतात. त्यात भाडं आणि वीजबिल निघू शकतं. अंत्योदयचं धान्य मिळालं तर जेवणाचा मोठा भार हलका होतो. मदतनिसांचे आणि एका समाजकार्यकर्त्याचे पगार मात्र निघणार नाहीत, ते सरकारने किंवा गावाने द्यायचे. निवाऱ्याचे पैसे भाड्याच्या घरांवर खर्च करायची मुभा नगरपरिषदांना मिळाली तर अर्धं काम होईल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा विभाग आहे आणि त्यात बेघर, निराधार यांचा नावाने उल्लेख आहे. आजवर तो धागा बहुतेक मोठ्या शहरांनी आणि विकासकांनीच हाती धरला.

उरतो शेजार. मनोरुग्ण, दारुडा, पारधी, असा एकेक शब्द कानावर पडला की घरमालक भाडं दुप्पट सांगतो किंवा खोली दिली आहे म्हणतो. गल्लीतल्या बायका मुलांना आत घेतात. याला भाषणाने उत्तर मिळत नाही. फिनलंडमध्येही नव्या इमारतींभोवती तक्रारी झाल्याच. तिथले कर्मचारी आणि भाडेकरू रोज परिसर झाडायला निघत, तक्रार आली की तिची दखल घेत. इथे घरमालकाला भाड्याची हमी नगरपरिषदेने द्यावी आणि अडचणीत रात्री फोन उचलणारा एक माणूस नक्की असावा, एवढ्यावर बरंच जमतं. पाचांतलं एक घर वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एखाद्याच्या कुटुंबाशेजारी, एक बाजाराजवळ, असं विखरून असावं. एकाच गल्लीत पाचही घेतली तर त्या गल्लीला नाव पडेल, आणि सोलापूर जिल्ह्यात वस्तीला नाव पडलं की ते शंभर वर्षं जात नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. रूढीप्रमाणे बेघरांची मोजणी त्याआधीच्या रात्री, २८ फेब्रुवारीला होईल. त्या रात्री प्रगणकाबरोबर स्टेशन, एसटी स्टँड आणि पालं फिरायला नगरपरिषदेने गावातली दहा माणसं आत्ताच ठरवावीत: हमाल, चहावाले, रेल्वे पोलीस, एखादी आशाताई. कोण कुठे झोपतं हे त्यांना माहीत असतं. पहिली यादी त्यांच्याकडूनच होईल, आणि पाचांपैकी पहिलं घर भाड्याने घ्यायला त्या रात्रीची वाट पाहायचं कारण नाही.